जुन्या मोटारसायकलीचे पहिले ऑइल : निवड, बदल आणि तपासणी

एके काळी शेतकऱ्याच्या घरी बैलगाडीला जे स्थान होते, तेच आज बऱ्याच अंशी मोटारसायकलीला प्राप्त झाले आहे. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीपाल्याच्या जुड्या बाजारात नेणे, तालुक्याहून बियाणे व औषधे आणणे, रात्री वीज आली की पंप सुरू करण्यासाठी शेतावर जाणे, ही सारी कामे या वाहनावर होतात. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. त्यामुळे पाच-दहा वर्षे वापरलेली गाडी पारखून घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो व त्यात काही वावगेही नाही. हंगामाच्या पैशातून घेतलेली अशी गाडी महिनाभरात बंद पडून इंजिनकामासाठी गॅरेजमध्ये गेली, तर मात्र होणारा खर्च त्या कुटुंबाचे अंदाजपत्रक कोलमडून टाकतो.

असे प्रसंग बऱ्याच वेळा टाळता येण्याजोगे असतात. त्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. जुनी गाडी ताब्यात आली की तिच्या इंजिनातील वंगण तेल, म्हणजेच बोलीतले 'ऑइल', पहिल्याच दिवशी बदलावे आणि निघालेले तेल फेकून न देता बारकाईने पाहावे. गाडीविषयी विकणारा जे सांगतो ते त्याचे म्हणणे असते. इंजिनाच्या आत काय चालले आहे, हे त्यातून निघालेले तेल सांगते. म्हणून पहिला ऑइलबदल हा केवळ देखभालीचा भाग नसून ती इंजिनाची तपासणीही असते. ही तपासणी कशी करावी व नवे तेल कोणते घालावे, याची माहिती पुढे दिली आहे.

एका तेलाकडे तीन कामे

भारतात १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी आली आणि शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलींचा प्रसार सुरू झाला. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरने तो खेडोपाडी नेला. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गाड्या याच प्रकारच्या, चार-स्ट्रोक इंजिनाच्या आहेत. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांनाच लागू आहे.

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यास हे ठाऊक असते की, ट्रॅक्टरच्या इंजिनाचे तेल निराळे व मागील गिअरपेटीचे आणि हायड्रॉलिकचे तेल निराळे असते. मोटारसायकलीत अशी विभागणी नसते. तिच्या पोटातील जेमतेम लिटरभर तेल तीन कामे एकाच वेळी करते. पहिले काम इंजिनाचे. पिस्टन, क्रँक व वरच्या बाजूचा कॅम यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये ते पातळ थर धरून ठेवते आणि त्यांची उष्णता वाहून नेते. दुसरे काम गिअरचे. गिअरच्या दात्यांवर येणारा भार ते सोसते व या भाराखाली दात्यांच्या कडांमध्ये तेलाचे रेणू अक्षरशः चिरडले जातात. तिसरे काम क्लचचे. या गाड्यांतील क्लच प्लेटा तेलातच बुडालेल्या असतात. इंजिनात जे तेल घसरण निर्माण करते, त्याच तेलात क्लच प्लेटांनी मात्र एकमेकींना घट्ट पकडून ठेवावे लागते.

या तीन कामांच्या परस्परविरोधी गरजा एकाच तेलाने भागवावयाच्या असल्यामुळे मोटारसायकलीचे तेल ही स्वतंत्र वस्तू आहे. जे तेल कारसाठी उत्तम, ते मोटारसायकलीसाठी उत्तम असेलच असे नाही. शिवाय कारच्या मानाने तेलाचे प्रमाण थोडे व इंजिन केवळ हवेने थंड होणारे असल्याने मोटारसायकलीतील तेल लवकर तापते आणि लवकर थकते.

सौदा करण्यापूर्वी

गाडी पाहावयास जाताना विकणाऱ्यास अगोदर सांगावे की, इंजिन गार असू द्यावे. तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते. गार इंजिन सुरू करताच सायलेन्सरमधून क्षणभर निळसर धूर येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या सिलांतून तेल झिरपत असण्याचा संभव असतो. चालू गाडीचा वेग वाढविताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टन रिंगा व सिलिंडर झिजलेले असण्याचा संभव अधिक. थंडीच्या सकाळी प्रारंभी दिसणारी पांढरी वाफ ही पाण्याची असते व ती थोड्याच वेळात नाहीशी होते. तिला दोष समजू नये.

यानंतर तेल मोजण्याची काडी काढून पाहावी. तेलाची पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर पूर्वीच्या मालकाने देखभालीकडे दुर्लक्ष केले आहे हे उघड आहे. याउलट तेल अगदी नवे, सोनेरी व स्वच्छ दिसले तरी ते इंजिनाच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र मानू नये. झिजलेल्या इंजिनाचा आवाज व धूर काही दिवस दबावा म्हणून विक्रीपूर्वी मुद्दाम जाड तेल घालण्याची युक्ती केली जाऊ शकते. डोळ्यांनी किंवा बोटांनी तेलाचा जाडपणा नेमका ओळखता येत नाही. यास्तव तेल कितीही चांगले दिसो, गाडी घरी आल्यावर ते बदलावेच.

बाटलीवरील अक्षरांचा अर्थ

तेलाच्या बाटलीवर रोमन लिपीत जी अक्षरे व आकडे छापलेले असतात, ते जाहिरातीसाठी नसून त्यांना निश्चित अर्थ आहे. खरेदी करताना पुढील तीन गोष्टी वाचाव्यात.

पहिली गोष्ट जाडपणाची. '१०डब्ल्यू-३०', '२०डब्ल्यू-५०' असे आकडे तेलाचा प्रवाहीपणा दर्शवितात. त्यातील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. पहिला आकडा तेल थंड असताना कसे वाहते ते सांगतो. हा आकडा जितका लहान, तितके तेल गार इंजिनात लवकर वर चढते. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा जाडपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअस तापमानास ३० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असते, तर ५० क्रमांकाच्या तेलाची १६.३ ते २१.९ या दरम्यान असते. म्हणजेच हे आकडे हवेचे तापमान दर्शवीत नाहीत. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो म्हणून ५० क्रमांकाचे तेल घालावे, हा समज चुकीचा आहे.

कोणत्या इंजिनास कोणता जाडपणा हवा, हे इंजिन बनविणाऱ्याने आतील भागांमधील फटी व तेलाचे मार्ग विचारात घेऊन ठरविलेले असते. स्प्लेंडरसारख्या गाडीस कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, तर पल्सर १५० साठी २०डब्ल्यू-५० सांगितले जाते. स्प्लेंडरच्या अरुंद मार्गांसाठी ठरविलेल्या पातळ तेलाच्या जागी जाड तेल घातले, तर सकाळी गाडी सुरू होताच ते कॅमपर्यंत उशिरा पोहोचते आणि इंजिनाची सर्वांत अधिक झीज नेमकी याच काही सेकंदांत होते. 'इंजिन जुने, म्हणून तेल जाड' हा गॅरेजमध्ये ऐकू येणारा नियम यामुळे सरसकट पाळू नये. जाड तेलाने झिजलेली रिंग दुरुस्त होत नाही. दोष काही दिवस झाकला जातो, एवढेच.

दुसरी गोष्ट दर्जाची. 'एपीआय' या अक्षरांपुढे 'एसजे', 'एसएल', 'एसएन' अशी दोन अक्षरे असतात. पहिले 'एस' हे पेट्रोल इंजिनाच्या तेलाचे चिन्ह असून दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा अलीकडचा. एसएल हा दर्जा २००१ साली, एसएन २०१० साली व एसपी २०२० साली प्रचारात आला. कंपनीने एसएल सांगितले असता त्यापुढील दर्जाचे तेल चालते. मात्र पुढील तिसरी अट पुरी झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट क्लचची, आणि मोटारसायकलीच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची होय. जपानी वाहन मानकांनुसार तेलात बुडालेल्या क्लचसाठी योग्य अशा तेलावर 'जासो एमए' किंवा 'जासो एमए२' असा शिक्का असतो. हे मानक १९९८ साली ठरले. 'जासो एमबी' असा शिक्का असलेले तेल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. त्यात घसरण अधिक असल्याने ते मोटारसायकलीत घातल्यास क्लच घसरू लागतो. घरात स्कूटरही असेल, तर बाटल्यांची अदलाबदल होणार नाही याची दक्षता घ्यावी. इंधन बचतीचा दावा करणारी कारची पातळ तेलेही याच कारणाने टाळावीत.

गाडीसोबतची पुस्तिका जुन्या व्यवहारात बहुधा हरवलेली असते. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा अधिकृत सेवा केंद्राकडून त्या गाडीच्या नेमक्या सालाची व नमुन्याची माहिती मिळवावी. एकाच नावाच्या गाडीत सालापरत्वे तेलाचे प्रमाण बदललेले असू शकते.

ट्रॅक्टरचे तेल नको

पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा अर्धा शिल्लक असतो. 'तेही इंजिनाचेच तेल' असे म्हणून ते मोटारसायकलीत ओतण्याचा मोह होतो. ट्रॅक्टरचे इंजिन डिझेलवर चालते. त्याच्या तेलाचा दर्जा 'सी' अक्षराने सुरू होणाऱ्या नावाने दर्शविला जातो आणि डिझेलची काजळी धरून ठेवण्यासाठी त्यात निराळी द्रव्ये मिसळलेली असतात. बुडालेल्या क्लचमध्ये ते कसे वागेल याची चाचणी सर्वसाधारणपणे झालेली नसते आणि त्याचा जाडपणाही बहुधा १५डब्ल्यू-४० असतो. वाचलेल्या पैशापेक्षा क्लच प्लेटांचा खर्च पुष्कळ अधिक आहे. गिअरपेटीचे वा हायड्रॉलिकचे तेल तर इंजिनात कदापि घालू नये.

खरेदी विश्वासू दुकानातून, सीलबंद बाटलीतच करावी व पावती घ्यावी. सुटे तेल स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. रिकाम्या झालेल्या बाटल्यांत निकृष्ट तेल भरून त्या पुन्हा विकल्या जाण्याचा धोका असल्याने, आपली बाटली रिकामी होताच तिला भोक पाडून मगच भंगारात द्यावी.

लागणारे साहित्य

योग्य दर्जाचे तेल, ड्रेन बोल्टचे नवे वॉशर (ज्यास बोलीत वायसर म्हणतात), बोल्टला नेमका बसणारा पाना, पसरट घमेले किंवा कापलेला कॅन, नरसाळे, स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, एक लहान लोहचुंबक, हातमोजे व झाकणाचा डबा, एवढे साहित्य पुरे होते. शंभर ते एकशेदहा सीसीच्या गाडीस साधारणतः ८०० मिलिलिटर ते एक लिटर तेल लागते. नेमका आकडा पुस्तिकेतून पाहावा. बाटली संपते म्हणून सर्व तेल ओतण्याची घाई करू नये.

बदलण्याची रीत

१. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. बाजूच्या स्टँडवर गाडी कलल्यामुळे तेल पुरते निघत नाही व पातळीही चुकीची दिसते.

२. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल पातळ होऊन तळाचा गाळ बरोबर घेऊन निघते. इंजिन फार तापले असेल तर थोडे निवू द्यावे, अन्यथा हात भाजण्याचे भय असते.

३. तेल घालावयाच्या जागेभोवतीची माती पुसून मगच झाकण काढावे. खडा वा मातीचा कण आत गेला तर बदलाचा हेतूच विफल होतो.

४. घमेले खाली ठेवून इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट सैल करावा. शेवटचे आटे हाताने सोडवावेत. तेल थेंब थेंब येईतो दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

५. काही गाड्यांत तेलाची जाळी, काहींत कागदी फिल्टर असतो. जाळी पेट्रोलने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी व कागदी फिल्टर नवा घालावा. पेट्रोल वापरताना जवळ विडी, चूल वा दिवा नसावा. स्प्लेंडर जातीच्या इंजिनात उजव्या झाकणामागे गाळ साठविणारा एक फिरता फिल्टर असतो. तो दर बदलाला उघडावा लागत नाही, परंतु अज्ञात इतिहासाच्या गाडीत जाणकार मिस्त्रीकडून एकदा उघडून साफ करून घेणे इष्ट होय.

६. बोल्ट व त्याची बैठक स्वच्छ पुसून, नवे वॉशर घालून बोल्ट प्रथम हाताने बसवावा व नंतर पान्याने बेताने आवळावा. इंजिनाचे कवच अॅल्युमिनियमचे असते. पान्याला नळी लावून जोर केल्यास आटे मरतात व साधे काम महागात पडते.

७. ठरलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी तेल नरसाळ्याने भरावे. किल्ली बंद ठेवून दहा-बारा वेळा किक मारावी, म्हणजे तेल मार्गांत पोहोचते. नंतर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालवावे. या काळात वेग वाढवू नये.

८. इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी पातळी पाहावी. होंडा पद्धतीच्या इंजिनात काडी पुसून, आटे न फिरविता केवळ टेकवून मोजावयाची असते. काही गाड्यांत काडीऐवजी काचेची खिडकी असते. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावी.

'थोडे जास्त असलेले बरे' ही समजूत तेलाच्या बाबतीत खरी नाही. अधिक तेलात क्रँक बुडून फिरला की तेलाचा फेस होतो. फेसाला भार सोसत नाही, आतील दाब वाढून सिलांतून गळती सुरू होते आणि तेल हवेच्या नळीवाटे फिल्टरपर्यंत जाते.

जुने इंजिन 'धुण्यासाठी' डिझेल किंवा रॉकेल घालून काही वेळ चालविण्याची एक प्रथा आहे. ती त्याज्य समजावी. डिझेल-रॉकेलचा थर धातूला संरक्षण देत नाही, त्याचा काही अंश आत राहून नवे तेल पातळ करतो आणि सुटलेला गाळ बारीक मार्गांत अडकू शकतो. इंजिन धुण्याचे काम नव्या तेलावरच सोपवावे.

निघालेले तेल काय सांगते

आता या सर्व कामातील महत्त्वाच्या भागाकडे वळू. घमेल्यातील तेल उन्हात ठेवून पाहावे, थोडे तेल पांढऱ्या कापडावर घ्यावे, तळाशी लोहचुंबक फिरवावे व हातमोजा घातलेल्या बोटांत तेल चोळून पाहावे.

केवळ काळे तेल हा दोष नव्हे. काजळी व गाळ स्वतःत धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे आणि ते काळे झाले याचा अर्थ त्याने काम केले. मात्र तेल डांबरासारखे घट्ट झाले असेल व झाकणाखाली तपकिरी गाळ जमला असेल, तर बदल फार काळ झालेला नाही असे समजावे. अशा गाडीस पुढील दोन-तीन बदल लवकर करावे लागतील.

तेल ताकासारखे पांढुरके किंवा दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. फार जवळच्या फेऱ्यांमुळे वाफेचे थोडे पाणी साठून झाकणाखाली पांढरा फेस दिसू शकतो आणि ते गंभीर नसते. पण सारेच तेल दुधाळ असेल, तर गाडी ओढ्यात वा पुरात बुडाली असण्याचा दाट संशय घ्यावा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात व जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड परिसरात मोठे पूर आले. कोठल्याही पुरात बुडालेली वाहने पुढे विक्रीस येऊ शकतात, हे गिऱ्हाइकाने विसरू नये. पाणी शिरलेल्या इंजिनातील बेअरिंगांना गंज चढतो. अशी गाडी तेल बदलून लगेच वापरात न आणता प्रथम मिस्त्रीकडून तपासून घ्यावी.

तेल पातळ होऊन त्यास पेट्रोलचा वास येत असेल व पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल इंजिनात उतरत आहे. कार्बोरेटरचा दोष दूर केल्याविना नवे तेल घालणे व्यर्थ आहे, कारण तेही चार दिवसांत पातळ होईल.

धातूच्या कणांबाबत तारतम्य ठेवावे. बोल्टवर अगदी बारीक, लोण्यासारखी करडी भुकटी आढळणे स्वाभाविक आहे. गिअर चालतात तेव्हा थोडी झीज होतेच. चुंबकाला चिकटणारे टोकदार कण वा कपच्या मिळाल्या तर गिअर, बेअरिंग यांसारख्या पोलादी भागांची मोडतोड होत असल्याचे ते लक्षण होय आणि इंजिन पुन्हा सुरू न करणे श्रेयस्कर. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चमक असेल, तर पिस्टनसारख्या अॅल्युमिनियमच्या भागावर संशय घ्यावा. पितळी रंगाचे कण बुशांकडे निर्देश करतात. कण धातूचे नसून काळपट, बुचासारखे तंतुमय असतील, तर ते क्लच प्लेटांचे अस्तर असते.

शेवटी निघालेल्या तेलाचे मापही घ्यावे. पुस्तिकेत एक लिटर असून निम्मेच तेल निघाले, तर उरलेले तेल एकतर गळाले आहे किंवा जळाले आहे. इंजिनाबाहेर तेलाचे डाग नसतील तर ते जळत असल्याचे समजावे आणि पुढील काळात दर आठवड्यास पातळी पाहण्याची सवय ठेवावी.

हे निष्कर्ष वहीत तारीख व किलोमीटरसह लिहून ठेवावेत. दुसऱ्या बदलाच्या वेळी निघालेले तेल पहिल्याशी ताडून पाहिले की दोष वाढतो आहे की कमी होतो आहे, हे स्पष्ट होते.

पुढील बदल केव्हा

पहिल्या बदलानंतर नवे तेल इंजिनातील साचलेला गाळ सैल करते व स्वतः लवकर मळते. म्हणून जुन्या गाडीचा दुसरा बदल सुमारे ५०० किलोमीटरनंतर करावा. यानंतर कंपनीच्या पुस्तिकेतील अंतर पाळावे. परंतु ते अंतर सर्वसाधारण रस्ते गृहीत धरून दिलेले असते. शेताची धुळीची वाट, पाठीवर दोन कॅनांचे ओझे आणि दोन-तीन किलोमीटरच्या थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्या ही इंजिनाच्या दृष्टीने खडतर स्थिती होय. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे पाण्याचा व पेट्रोलचा अंश तेलातच राहतो. अशा वापरात अंतर कमी करावे, आणि गाडी थोडी चालली असली तरी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, तेल बदलावेच.

तेलाबरोबर हवेच्या फिल्टरचीही तपासणी करावी. मातीचा कण हा वाळूचाच कण असतो. फाटलेल्या वा सैल बसलेल्या फिल्टरमधून तो आत गेला तर तेल कितीही उंची असो, सिलिंडर घासला जातोच.

दोन-स्ट्रोक जातीच्या जुन्या गाड्या काही ठिकाणी अद्याप आढळतात. त्यांची रचना भिन्न असते. इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाते व गिअरपेटीचे तेल निराळे असते. त्यांना वरील प्रमाणे लागू नाहीत. त्यांच्यासाठी 'टू-टी' तेल व गिअरपेटीचे तेल ही दोन्ही त्या गाडीच्या सूचनेनुसारच वापरावीत.

जळक्या ऑइलची विल्हेवाट

निघालेले तेल वाया जाऊ नये म्हणून त्याचे नाना उपयोग करण्याची पद्धत गावांत दिसते. बैलाच्या जखमेवर लावणे, म्हशीच्या अंगावरील गोचिडांवर चोळणे, वाळवी लागू नये म्हणून खांबांच्या बुंध्यात ओतणे, डासांसाठी डबक्यात टाकणे हे त्यांपैकी काही होत. हे सर्व घातक आहेत. वापरलेल्या तेलात धातूंचे कण व ज्वलनातून निर्माण झालेली विषारी द्रव्ये असतात. जनावरे अंग चाटतात, त्यामुळे ते विष पोटात जाते. माणसाच्या त्वचेशी त्याचा वारंवार व दीर्घकाळ संपर्क आल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणूनच हातमोजे सांगितले आहेत. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. जखमा व गोचीड यांसाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

शेतात ओतलेले तेल मातीच्या कणांना वेढून टाकते. हवा व पाणी मुळांपर्यंत जात नाही, गांडुळे मरतात, आणि पावसाबरोबर ते विहिरीत उतरले तर पिण्याचे पाणी दूषित होते. भारतात घातक व अन्य कचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम वापरलेल्या तेलासही लागू असून, १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादकांवरही सोपविण्यात आली आहे. शेतकऱ्याने एवढेच करावे : निघालेले तेल झाकणाच्या डब्यात साठवावे, त्यात पाणी, पेट्रोल वा कीटकनाशक मिसळू देऊ नये, डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाकडे तेल पाठविणाऱ्या सेवा केंद्राकडे तो द्यावा. कीटकनाशकाचा रिकामा डबा यासाठी कधीही वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावोगाव फिरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना या विषयाचे प्रात्यक्षिक सहज घेता येण्याजोगे आहे. दूध संकलन केंद्राच्या आवारात दूध घालण्याची वेळ संपल्यावर एखाद्या सभासदाच्या गाडीचे तेल सर्वांसमक्ष बदलावे. पांढऱ्या कापडावर निघालेले तेल, चुंबकाला चिकटलेले कण व नवे तेल शेजारी शेजारी दाखवावेत, म्हणजे दीर्घ भाषणाची गरज उरत नाही. दहा-वीस गाड्यांचे जळके ऑइल एकत्र साठवून ते सेवा केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्थाही त्याच बैठकीत ठरविता येईल.

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, खुरांना हात लावून पाहतो. जुन्या मोटारसायकलीचे दात पाहावयाचे असतील, तर ते तिच्या तेलात दिसतात. एका बाटलीची किंमत व अर्ध्या तासाचे काम एवढ्यावर ही परीक्षा होते, आणि इंजिनकामाचा मोठा खर्च वेळीच ओळखून टाळता येतो.